हत्ती येईपर्यंत

आलापल्ली, जि. चांदा
२२ ऑक्टोबर १९५६

प्रिय मनू,

तुझं कार्ड मिळालं. दिवाळीला दोन दिवस आधीच येतेस, वाचून बरं वाटलं. बाबांची तब्येत कशी आहे, असं तू दर कार्डात विचारतेस आणि मी दर वेळी छान आहे असं लिहिते. आज तसं लिहवत नाही. बिरजू लाकडाची मोटर घेऊन उद्या सकाळी बल्लारशाला जाणार आहे. हे पत्र तिथल्या स्टेशनवर टाकायला त्याच्याजवळ देईन, म्हणजे तुला नागपूरला लवकर मिळेल.

बाबा जेवतात, झोपतात, रोज सकाळी दोन-तीन मैल चालून येतात. त्यात काही खोटं नव्हतं. पण गेल्या वर्षापासून ते कधी इथे असतात आणि कधी तिकडे ब्रह्मदेशात, मोलमीनला. मी अंबाडीची भाजी वाढली, तर एकदा म्हणाले, आज मा-खिनने मीठ कमी घातलं. तुला मा-खिन आठवते ना, आपली स्वयंपाकीण, तुझ्या केसांत फुलं खोवायची ती? तिला ब्रह्मदेशात सोडून आपण पायी निघालो त्याला चौदा वर्षं झाली. आधी मी त्यांची चूक सुधारायची. मग ते घाबरल्यासारखे माझ्याकडे बघायचे. ते बघवेना, म्हणून हळूहळू मी हो म्हणायला लागले. मनू, तुला खरं सांगते, मलाही ते आवडायला लागलं होतं. त्यांच्या त्या मोलमीनमध्ये मी तीस वर्षांची असते. सयामच्या हद्दीवर तंबू पडलेला असतो, खाली नदीत ओंडके अडकलेले असतात आणि आम्हा दोघांना काही होणार नाही असं वाटत असतं. संध्याकाळी चहा घेताना मी आपणहून विचारायची, नदीला पाणी किती आहे हो? ते सांगत बसायचे. तेव्हाच थांबायला हवं होतं.

ते एकटे जंगलात हरवतील म्हणून मी लालसूला त्यांच्याबरोबर पाठवायची. लालसू आणि सोमारी, मागच्या पाड्यातले माडिया नवराबायको. गेल्या वेळी तुला मोहाची फुलं आणून दिली होती तेच. लालसूच्या खांद्यावर कुऱ्हाड असते. त्यांच्यातला कोणीही पुरुष कुऱ्हाडीशिवाय घराबाहेर पडत नाही.

दसऱ्यानंतर जंगलखात्याच्या इसरू नाकेदाराला आतल्या सरकारी जंगलात अकरा सागवानं उभी वाळलेली दिसली. भोवतीची सगळी झाडं हिरवीगार आणि ही अकराच पिवळी पडून गळालेली. गवत बाजूला करून बघितलं तर प्रत्येकाच्या बुंध्याला चारी बाजूंनी खाच. कंबरेच्या उंचीवर, वीतभर रुंद, पार आतल्या पक्क्या लाकडापर्यंत. तो आमच्याकडे आला आणि ओसरीवर बसून हे सगळं त्याने हातांनी दाखवलं. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. ती खाच मी ब्रह्मदेशात, बाबांच्या लाकूड कंपनीत, बावीस वर्षं पाहिली आहे. तिकडे सागवान आधी असंच उभं वाळवायचे आणि तीन वर्षांनी तोडायचे, कारण ओलं सागवान पाण्यात बुडतं. वाळलेलं हत्तींनी ओढून नदीत ढकललं की थेट मोलमीनपर्यंत तरंगत जातं. इथलं लाकूड बैलगाडीने आणि मोटरीने जातं. इथे ती खाच कोणी घालत नाही, कोणाला ठाऊकही नाही.

इसरू म्हणाला, “बाई, बाबूजी जंगलात जातेत तवा कुऱ्हाड कोनापाशी रायते?” आणि मी, मनू, पापणी न लववता म्हणाले, लालसूजवळ. ह्यांनी जन्मात कुऱ्हाड धरली नाही. इसरूने मान डोलावली. “मले तेच वाटलं. झाडं मारून शेती काढाची असन त्याले.” मला फक्त एवढंच दिसत होतं की बाबांना धरून कोर्टात उभं करतील, तिथून वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील आणि तिथे ते मा-खिनला हाका मारत बसतील.

त्याच दुपारी लालसूला नेलं. त्याची कुऱ्हाडही जप्त केली.

दुसऱ्या दिवशी सोमारी आली. रडली नाही, भांडली नाही. मला वाटलं होतं, शिव्या देईल. अंगणात बसून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, “बाई, मी गेली होती भेटाले. इचारलं त्याले, काऊन बोलत नाई? बुढ्यानं कुऱ्हाड मांगली, तू देल्ली, सांग ना साहेबाले. तं थो म्हणते, बुढ्याले कोंडतीन तं मरून जाईल. मी जवान आहो, वापस येईन.” जाताना तिने ओसरीवर बसलेल्या बाबांना रामराम केला. बाबांनी तिला ब्रह्मी भाषेत काहीतरी आशीर्वाद दिला.

मी चूल तशीच टाकून रेंजरसाहेबांकडे गेले. तरुण आहेत, वाईट नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माई, काल तुम्ही नाकेदाराला एक सांगितलं, आज दुसरंच सांगता. तुम्हाला लालसूची दया येते, ते समजतं. पण सत्तरीला आलेला माणूस असं काम करेल? खाच बघितली का तुम्ही? सुतारासारखी सरळ आहे.” मी म्हटलं, म्हणूनच तर, ह्यांनी जन्मभर हेच काम केलं. तेव्हा ते माझ्याबरोबर घरी आले आणि त्यांनी बाबांना विचारलं, “गुणवंतराव, झाडं कोणी मारली?” बाबा ताडकन उठले. “मारली? कोणी मारली? मला दाखवा, आजच्या आज त्याचं नाव हजेरीतून काढतो!” मी म्हटलं, अहो, वाळत घातली ना झाडं तुम्ही, अकरा? सकाळीच मला बोटं मोजून सांगितलं होतं त्यांनी. पण त्यांनी रेंजरसाहेबांकडे तिरकं बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बाहेरच्या माणसासमोर कंपनीचं बोलू नये.” रेंजरसाहेब हसले. माझ्याकडे बघून मग हसायचे थांबले. निघताना एवढंच म्हणाले, “लेखी काही असेल तर आणा. तीस तारखेला चांद्याच्या कोर्टात पेशी आहे.”

आता मी तुला का लिहिते आहे ते सांगते. मार्चमध्ये बाबांनी तुला लांबलचक पत्र लिहिलं होतं. तू मला लिहिलंस, आई, बाबा जुन्या आठवणी किती छान लिहितात, तिसऱ्या ओढ्यापलीकडची अकरा झाडं, त्यांचे घेर, हत्ती केव्हा येणार ते सगळं. त्या आठवणी नव्हत्या, मनू. त्या आठवड्यात त्यांनी केलेलं काम होतं ते. इथल्याच ओढ्यापलीकडचं. तू हसलीस आणि मीही हसले. मी तुला लगेच लिहायला हवं होतं, पण मग मलाही ते खरं मानावं लागलं असतं. ते पत्र तू पेटीत जपून ठेवते म्हणाली होतीस. ते घेऊन दिवाळीची वाट न बघता निघ. तीस तारखेच्या आत चांद्याला पोच. मी तिथे असेन आणि नाकेदाराशी मी खोटं बोलले हेही सांगेन. बाबांचं पुढे काय करतील ते मला माहीत नाही. मला फार भीती वाटते. पण सोमारीच्या घरी पाच दिवस झाले कुऱ्हाड नाही आणि माणूसही नाही.

बाबा आत्ता विचारत होते, कोणाला लिहितेस? मनूला, म्हटलं. तर म्हणाले, तिला लिही, हत्ती यायचे आहेत अजून, पण ती येईल तेव्हा मी तिला झाडं दाखवीन. तू त्यांच्याबरोबर जा, बघ, आणि चांगली वाळली आहेत म्हण. एवढं एकच खोटं मी तुझ्याकडे मागते.

तुझीच,
आई