आबांचं ताक

१२ जाने., रवि.
बँकेतून आले (बहरीनला रविवार कामाचाच) तर ईराने डायनिंग टेबलवर अमेरिका मांडलेली. शाळेचा प्रोजेक्ट. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे बापलेक, बाप शेतावर, मुलगा लांब शहरात. पत्रांतून गुलामगिरीवरून कडाक्याचं भांडण, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी गाय व्याली, लोणी येईना, खोकला कसा आहे! आता वर्गाने आपापल्या घरात असंच लिहायचं. राजकारण + घरगुती. उत्तर खरं हवं.
"आबांना लिही," म्हटलं. मकरंद, आबांचा लेक, फोनमध्ये डोकं घालून. निवडणुकीच्या निकालापासून बापलेक बोलत नाहीत. आबा फॅमिली ग्रुप सोडून गेले, हाही "खलास" म्हणून मोकळा. मिरजेचा पीळ, बहरीनच्या उन्हातही सुटत नाही.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. तिळगूळ मनामाच्या बाजारातून आणला. गोड बोलणार कोण, देव जाणे.
ईराचं पत्र झालं, मराठीतून! अक्षर कोंबडीच्या पायांचं. 'ती. आबांना सा. न.' एवढं मी सांगितलं, बाकी तिचं. "तुम्ही आणि बाबा कोणाला व्होट देता आणि का भांडता? बाबाचा गुडघा दुखतो." पोरगी सरळ मुद्द्यावर. फोटो काढून मिरजेला पाठवला. म. बुसैतीनच्या समुद्राकडे चालायला. गुडघा घेऊन.

१७ जाने., शुक्र.
आबांचं उत्तर आलं! फूलस्केप, फोटो तिरके. दीड पान राजकारण. "तुझ्या बापाला इतिहास कळला नाही, तुला तरी कळो." ईरा अडखळत मोठ्याने वाचतेय, म. शर्टांना इस्त्री करतोय, कान इकडे. शेवटी वाचलं, "ताक. गुडघ्याला शेक दे म्हणावं. लहानपणी झाडावरून पडला तोच गुडघा ना?"
मग थांबून, "मम्मा, व्हाय बटरमिल्क?"
"कसलं ताक?"
"हिअर! अमेरिकन आजोबांचं बटर, आपल्या आबांचं ताक."
अगं बाई, ता. क.! ताजा कलम! म. हसत हसत जमिनीवरच बसला. शर्ट जळाला. डोळे पुसत होता, हसून की कसं, विचारलं नाही. मला मात्र फार फार बरं वाटलं.

१८ जाने., शनि.
जेवताना म. स्वतःहून, "मीठ-जिरं घालून ताक कर ना." केलं. दोन पेले प्यायला.

२० जाने., सोम.
म. लिहितोय. चक्क कागदावर. हळूच डोकावले. पानभर राजकारण, एक इंच मागे सरकलेला नाही. "आबा, तुमचं हे मुळीच पटत नाही" दोनदा. कठीण आहे.
खाली मात्र: "ता. क. शेक देतो आहे. मे महिन्यात तिकिटं"
वाक्य अर्धंच. कोणाची तिकिटं? आमची तिकडे, का आबांची इकडे?
"आबा सांगतील," म्हणाला, आणि तसाच फोटो पाठवून दिला.