कानात बिल्ला असूनही संगणकात नसलेल्या बैलांबाबत

प्रति,
मा. भगवानराव, छावणी प्रमुख,
माळेश्वर विविध कार्यकारी सहकारी संस्था,
मौजे पिंपळटाक, जि. बीड.

विषय : संगणकाच्या चाचणीत गहाळ झालेल्या बैलांची पुन्हा नोंद करून आजच्या आज चारा मिळणेबाबत.

संदर्भ : आपले तोंडी उत्तर, "चाचणी यशस्वी झालेली आहे, निघा."

महोदय,

अर्जदार भिवराबाई आश्रुबा तिडके, ऊसतोड मजूर, यांच्या वतीने अर्ज सादर करण्यात येतो की, दुष्काळात आपली चारा छावणी उघडली त्या दिवशी बाई बैलजोडी घेऊन उजाडायच्या आत रांगेत सर्वांच्या पुढे उभ्या होत्या. पहिले येणे हाच त्यांचा गुन्हा ठरला.

त्या दिवशी आपण इंजिनिअर पंडित यांच्याकरवी संगणकाची परीक्षा घेतली. जनावरांची नोंद नुसती मेमरीत ठेवली तर काम किती वेगाने होते आणि डिस्कवर लिहिली तर किती, हे आपणास पाहायचे होते. परीक्षेला खोटी जनावरे घ्यायची सोडून आपण रांगेतली खरी घेतली. आधी मेमरीची पाळी. नोंदी सपासप झाल्या, कानाला बिल्ले टोचले, आपण टाळ्या पिटल्या. तेवढ्यात लाईट गेली. मेमरीत ठेवलेले लाईटबरोबर पुसले जाते, हे पंडित यांनी मग सांगितले. आधी सांगायला त्यांच्या तोंडाला काय झाले होते, हे अर्जदारास कळलेले नाही. लाईट आल्यावर डिस्कची पाळी झाली. काम रेंगाळत झाले, पण टिकले. म्हणून दुपारी डुलत डुलत आलेल्यांची जनावरे आज आत वैरण खात आहेत व बाईंची जोडी फाटकाबाहेर आहे.

चारा मागितला की खिडकीवरचे सुग्रीव म्हणतात, "मावशी, तुमचे बैल कंप्युटरात न्हाईत." मग नव्याने घ्या म्हटले की, "कानात बिल्ला हाय की! बिल्लेवालं जनावर पुन्ना घेता येत न्हाई." बरं, बिल्ला काढा म्हटले तर, "नोंद असल्याबिगर बिल्ला काढता येत न्हाई." सायबाला इचारतो म्हणाले, ते अद्याप विचारतच आहेत.

आपण मात्र मेमरी किती पट वेगवान निघाली याचा अहवाल सभेत वाचून पंडित यांना शाल-नारळ दिला. "आग लागो त्या येगाला!" हे बाईंचे शब्द आहेत. ते खोडायचे नाहीत अशी त्यांची ताकीद आहे. बैल नसले की मुकादम टोळीत घेत नाही, आणि टोळी नसली की घरात चूल पेटत नाही. आपल्याला ते काय कळणार?

काल सांजच्याला त्यातला पांढरा बैल बसला तो उठला नाही. मेल्याची नोंद करायला गेल्यावर, संगणकात नसलेले जनावर मेले असे धरता येत नाही, असे उत्तर मिळाले. बाई तिथेच मोठ्याने रडल्या. कोणी पाणीसुद्धा विचारले नाही.

दुसरा बैल अजून उभा आहे. तो बाईंनी आपल्या कार्यालयाच्या एकुलत्या एक दाराला आणून बांधला असून स्वतः उंबऱ्यावर बसल्या आहेत. त्याच्यापुढे वैरण पडेपर्यंत आपणास बाहेर पडता येणार नाही. सबब हा अर्ज खिडकीतून आत टाकला आहे.

आपली
(नम्र लिहायचे नाही, असे बाईंनी बजावले आहे)
भिवराबाई आश्रुबा तिडके
डाव्या हाताचा अंगठा

लिहून देणार : बंकट, अर्जदाराचा पुतण्या
दिनांक : आजचाच