तक्रार अशी की मला कर लागला नाही

रत्नागिरी,
ता. १२ फेब्रुवारी १९३३

चि. बाळा यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यामुळे मला हे उत्तर लिहिणे भाग पडले. "दाजींनी तुझा प्राप्तिकर पुरता वाचवला, अभिनंदन," असे तू लिहिलेस. अभिनंदन मागे घे. बाकी येथे सर्व खुशाल. तुझा खोकला गेला असेल असे धरून चालते. सावित्रीचे गुडघे दुखत असतील तर तिला तीन जिने कमी चढायला लाव आणि पाणी तू भर.

मुळापासून सांगते, कारण विमा कंपनीत वीस वर्षे काढूनही तुला हे कळलेले दिसत नाही. सरकारने कराची मर्यादा दोन हजारांवरून एक हजारावर आणली तेव्हा गावात हळहळ झाली. मी त्या दिवशी शिरा केला. माझे शाळेचे पेन्शन आणि माझ्या अंकगणिताच्या पुस्तकाची मिळकत मिळून वर्षाला एक हजार चाळीस रुपये होतात, म्हणजे मी करात बसले. आणि जो प्राप्तिकर भरतो त्याचे नाव कायदेमंडळाच्या मतदारयादीत जाते. माझे दीर दाजी यांना घरावर आणि आंब्याच्या बागेवर मत आहे. निवडणुकीला ते कोट घालून जातात आणि पुढे दोन दिवस तो अंगातून काढत नाहीत. पदवीधरांना विद्यापीठातर्फे मत असते. पण मला दोन वर्षांतच कॉलेजातून उचलून बोहल्यावर उभे केले (याबद्दल मी बाबांना कधी काही बोलले नाही आणि आताही बोलत नाही), तेव्हा तो रस्ता बंद. सासरी मी विधवा भावजय. माझ्या नावावर ना भिंत, ना कलम. राहता राहिला कर.

दाजी स्वभावाने अतिशय चांगले आहेत, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला. कर लागणे म्हणजे अंगावर गोवर उठण्यासारखे आहे अशी त्यांची समजूत. पालीच्या बाजारात त्यांना कोणी दादू भेटला. पुस्तकासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो असे त्याने सांगितले (ते खरे आहे), आणि दाजी कागद व एक भला मोठा दिवा असा मिळून अठरा रुपयांचा माल घेऊन घरी आले. "वहिनी, तुमचा अठरा रुपये कर वाचवला," असे म्हणून त्यांनी दिवा माझ्यापुढे ठेवला. मी त्यांना पाटी दिली आणि समोर बसवले. कर रुपयामागे चार पै. उत्पन्नातून अठरा रुपये वजा झाले तर कर अठरा रुपयांनी कमी होत नाही, अठरा रुपयांवरच्या कराने कमी होतो, म्हणजे सहा आण्यांनी. दाजींनी तीनदा गुणाकार केला. मग विचारले, "मग उरलेले सतरा रुपये दहा आणे गेले कुठे?" मी म्हटले, "दिव्याच्या काचेत, भावजी."

तेवढ्यावर ते थांबते तर मी हे पत्र लिहिले नसते. पण त्यांनी माझा कर सुटावा म्हणून गणपतीपुळ्याला नारळ बोलला आणि माझा कारभारी म्हणून परस्पर हिशेब देऊन आले. त्यात कागद व दिवा वजा केला, तो ठीकच. पण तू माझ्या गळ्यात मारलेल्या विम्याचा अठ्ठेचाळीस रुपयांचा हप्ताही त्यांनी उत्पन्नातूनच वजा केला. उरले नऊशे चौऱ्याहत्तर. हजाराच्या आत. कर माफ, नाव रद्द. नारळ फुटला, दाजींनी आळीभर पेढे वाटले आणि तुला पत्र घातले. मला हे समजले ते शेजारच्या गोदाने पेढा खाता खाता माझे सांत्वन केले तेव्हा.

आता नीट वाच. पुस्तकाचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. विम्याचा हप्ता होत नाही. तो उत्पन्नात तसाच राहतो आणि त्याच्यापुरती सूट आकारलेल्या करातून मिळते. हे मी कायद्याच्या पुस्तकात दोनदा वाचले. माझी जाऊ कमळा चुलीपाशी होती. तिने विचारले, कसेही कापले तरी पैसे कमीच ना, मग हा हट्ट कशाला? तिला मी असे सांगितले: उत्पन्नातली वजावट म्हणजे पंगतीला बसायच्या आधीच पाहुणा कमी करणे. करातली सूट म्हणजे त्याला पंगतीत बसवून पानात एक पुरी कमी वाढणे. मला पुरी नको आहे. पान हवे आहे. सत्तावीस वर्षे या घरच्या पंगती मी वाढल्या आणि सगळे उठल्यावर जेवले, हे कमळाला ठाऊक आहे. ती म्हणाली, "कळलं जाऊबाई. पान तुमचं, आणि दक्षिणाही तुम्हीच द्यायची." (ही बाई चार बुके शिकली असती तर मला भारी पडली असती.)

प्राप्तिकराचे साहेब मुक्कामाला आले होते. तरुण, देशावरचे. बाहेर ओसरीवर वीसेक माणसे आपापली गरिबी घेऊन बसली होती. दाजी हट्टाने बरोबर आले आणि कोट घालून आले. साहेबांनी तक्रार विचारली.

"तक्रार अशी की मला कर लागला नाही," मी म्हटले.

साहेबांनी कारकुनाला खुर्ची आणायला सांगितली. बहुधा मला चक्कर येते आहे असे त्यांना वाटले. मी बसले नाही. कायद्याचे पुस्तक उघडून टेबलावर ठेवले, हप्त्याची पावती त्यावर ठेवली. त्यांनी वाचले, पुन्हा वाचले, आणि दाजींकडे बघून मला म्हणाले की तुमच्या कारभाऱ्याने तर तुमचे एकवीस रुपये वाचवले होते. त्यावर दाजी जे बोलले ते मी त्यांच्या नावावर कायमचे जमा केले आहे. म्हणाले, "साहेब, चूक माझी हो. वहिनींचं नाव लिहा."

एक हजार बावीसवर कर आकारला गेला. हप्त्याची सूट बरोबर एक रुपया मिळाली. वीस रुपये चार आणे आठ पै मी स्वतःच्या हाताने भरले. साहेब उठून उभे राहिले. ओसरीवरची गरिबी माझ्याकडे पाहत राहिली. घरी आल्यावर दाजींनी कोट काढला आणि माझ्या खोलीतल्या खुंटीला अडकवला. तो मला ढगळ होतो, पण मी तो परत केलेला नाही.

सावित्रीस आशीर्वाद.

तुझी थोरली बहीण,
मथुरा

ता. क. निवडणूक कधी, हे कोणालाच ठाऊक नाही. उमेदवार म्हणून ज्या दोघांची नावे ऐकते, त्यांतल्या एकालाही मी ओसरीच्या वर घेणार नाही. पण मत माझे आहे.

आणखी एक. मर्यादा पुन्हा दोन हजारांवर न्यावी अशी मागणी लोक करीत आहेत. लोकांना काय, ते मागतात. तसे झाले तर माझे पान गेलेच. तेव्हा तुझ्या ओळखीच्या शाळांतून माझे अंकगणित लागलेच पाहिजे. माझे उत्पन्न दुप्पट होईपर्यंत विम्याबद्दल मला एक अक्षर लिहू नये.

बोटीवर कामाला असलेल्या बाबल्याच्या हवाली केले ते असे:
अंकगणिताच्या प्रती चाळीस.
दाजींचा दिवा, काचेसह, एक. (तुझा जिना अंधारा आहे.)
खोबऱ्याच्या वड्या, डबा एक. (नवसाच्या नारळाच्या. कर सुटला नाही. नारळ गोड निघाला.)
कर भरल्याची पावती एक. सावित्रीस दाखवून बाबल्याच्याच हाती परत द्यावी. तुला दाखवायची झाल्यास तिने लांबून दाखवावी.