लिंबावरचा गिरगिट

बुधवार, संध्याकाळ

मिल बंद झाली तसे हे अंगणातल्या लिंबावर गिरगिट पाळून बसले. तो वाटीतलं पाणी पीत नाही. म्हणून ऊन तापलं की हे पानांवर पाणी शिंपडणार, अन् तो थेंब चाटणार. मिलमध्ये सुताला ओल द्यायचे ना, तसंच मन लावून.

आज नळ आला नाही अन् त्यांनी माझ्या हंड्यात हात घातला. माझा दिमागच फिरला. म्हटलं, "बसून खाणारा घरात एक आहे, तेवढा पुरे!"

कशाला बोलले मी?

ह्यांनी त्याला फांदीसकट सायकलवर घेतलं अन् शहराबाहेर राऊकडच्या रानात सोडून आले.

आत्ता म्हटलं, "अहो, उद्या आणू परत. पाणी मी शिंपडीन."

तर हसले. "राहू दे गं. त्याला स्वतःचं पोट भरता येतं."