हजार मीटरवरचा ‘तू’

६ सप्टेंबर १९५९, रविवार. म्युनिक
जर्मन माणसाला रविवारी घरात बसायची लाज वाटते. सकाळी सातला खिडकीतून पाहिलं, तर समोरचं अख्खं बिऱ्हाड निघालेलं. चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, पाठीवर पिशव्या. आजोबासुद्धा. कुठे, तर चालायला. काम काय, तर काही नाही. डोंगर चढायचा, वर सॉसेज खायचं, उतरायचं. याला हे लोक वान्डर्न म्हणतात आणि वर अभिमानाने सांगतात. आमच्याकडे एवढं चालतो तो पोस्टमन, आणि तोही कुरकुरत.
आजपासून रोजनिशी. उद्देश: प्रबंध पुरा करणे. रोज दहा पानं.

९ सप्टेंबर, बुधवार
प्रबंध: शून्य पानं. टेबल हलतं.
शिष्यवृत्ती डिसेंबरात संपते. प्रोफेसर लिंडनरनी शिफारस केली तर आणखी एक वर्ष. नाहीतर जानेवारीच्या बोटीने पुणे, आणि कॉलेजात जो तो विचारणार, काय टिपणीस, डॉक्टर झालात का. प्रिन्सिपॉलांनी निरोपसमारंभातच ‘डॉ. टिपणीस’ अशी पाटी रंगवून घेतली आहे. माणसाने इतकी घाई करू नये.
सुधाशी शिष्यवृत्तीबद्दल बोललेलो नाही. प्रबंध संपत आला, एवढंच सांगितलंय. बायकांना तपशील नको असतात.
अडचण प्रोफेसरांची. दीड वर्षात ‘हेर टिपणीस’ आणि ‘झी’ यापलीकडे गाडी गेली नाही. हेर म्हणजे श्रीयुत, झी म्हणजे आपलं ‘आपण’. इतकं अदबीने बोलणाऱ्या माणसाकडे काही मागता येत नाही.

१२ सप्टेंबर, शनिवार
श्यामकांत आला होता. कोल्हापूरचा, वय सव्वीस, आमच्याच इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टरेट करतो आणि वेळेवर करतो, म्हणजे कल्पनाशक्ती बेताचीच. पण एक कामाचं बोलला. म्हणाला, टिपणीससर, इकडे हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना ‘डू’ म्हणतात. म्हणजे तू. वर लहान नाही, मोठा नाही. प्रोफेसर नाही, विद्यार्थी नाही.
१० ऑक्टोबरला इन्स्टिट्यूटची सहल आहे. गाम्सकोप्फ डोंगर, १४८० मीटर. प्रोफेसर सपत्नीक येणार.
म्हणजे ठरलं. वर जायचं, तू-तू होऊ द्यायचं, आणि वर्ष मागायचं. ज्याला तू म्हटलं त्याला नाही म्हणता येत नाही. आपण आईला तू म्हणतो, देवाला तू म्हणतो, ते काय उगाच? कुणी गणपतीला ‘आपण’ म्हणून पाहावं, एक मोदक मिळणार नाही.
चार रविवार सराव करणार. तशी मला गरज नाही. सातारचा आहे. अजिंक्यतारा आमच्या परसामागे होता. चढण्याचा प्रसंग आला नाही, पण होता.

१३ सप्टेंबर, रविवार
सराव पहिला. काठी घेतली. सुधाला बरोबर नेलं, हवा लागावी म्हणून. आगगाडीने श्लीयरझे. गाव मुळातच ७८० मीटरवर. म्हणजे हजारातला तीन चतुर्थांशाहून जास्त डोंगर बसल्याजागी चढलो. उरलेला औपचारिक.
पाटीवर लिहिलेलं, माथा दोन तास. बूट चावला. प्रथम खालून निरीक्षण करावं असं ठरवून खाणावळीत बसलो. आलुबुखाराचा केक. त्यावर साय. दोन. सुधा म्हणाली, अहो, मी जरा पुढे बघून येते. साडी खोचून, माझा स्वेटर घालून गेली ती चार तासांनी आली. गाल लाल. म्हणाली, वर सगळी बीच जातीची झाडं तांब्याच्या भांड्यासारखी झालीत, उन्हात डोळे दिपतात. मी म्हटलं, पानं साताऱ्यातही वाळतात, त्यासाठी कुणी तिकीट काढत नाही.
स्टेशनवरच्या दुकानात डोंगरांचे बिल्ले मिळतात, पत्र्याचे, काठीवर ठोकायचे. जो डोंगर चढला त्याचा घ्यायचा अशी पद्धत. दुकानदार चौकशी करत नाही. मी एक घेतला. आलो होतो डोंगरासाठीच.

२० सप्टेंबर, रविवार
पाऊस येईलसं वाटलं. आला नाही, पण येऊ शकला असता. केक एकच (तत्त्व म्हणून), सॉसेज दोन.
वाटेवर हे लोक दिसेल त्याला ग्र्यूस गॉट म्हणतात, म्हणजे रामराम. हेच लोक ट्राममध्ये दीड वर्ष शेजारी बसून माझ्याकडे छत्रीकडे बघावं तसे बघतात. सुधा तर आता त्यांना आधी म्हणते.
बिल्ले तीन.

२७ सप्टेंबर, रविवार
बिल्ले सात. एकाच डोंगराचे दोन रंगांत मिळतात. काठी आता भारदस्त दिसते.
जेवताना सुधाला रोजच्यासारखं या देशाविषयी समजावून सांगितलं. पाव विटेसारखा. घरमालकिणीचं स्वयंपाकघराचं वेळापत्रक. रविवारी खिळा ठोकायची बंदी. म्हटलं, आपल्याच्याने इथे एक दिवस राहवत नाही, केवळ भिडेखातर थांबलोय. ती विणता विणता थांबली. खरंच? म्हणाली. मी म्हटलं, मग काय.

४ ऑक्टोबर, रविवार
सराव घरीच. आरशासमोर ‘डू, लिंडनर’ पन्नास वेळा. सुरुवातीला जीभ अडली, नंतर बरीच मोकळी झाली.
प्रबंध: शीर्षकाचं पान पुन्हा टाइप केलं. उठून दिसतं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
उद्या. दसरा तोंडावर आहे, हे उत्तम. हजार मीटर ओलांडणे, हेच माझं सीमोल्लंघन. सोनं प्रोफेसर वाटतील.

१० ऑक्टोबर, शनिवार. रात्री आठ
प्रोफेसरांनी स्टेशनवर काठी पाहिली. बिल्ले बोटाने मोजले. हॅट काढली. म्हणाले, असा जाणकार बरोबर असताना बायकामुलांच्या वाटेने कशाला, सरळ चढणीने जाऊ, हेर टिपणीस, आपण पुढे व्हा. मी पुढे झालो.
पस्तीस मिनिटांनी एक बाक लागला. पाटी: ९७० मीटर. दृश्य चांगलं होतं म्हणून बसलो. प्रोफेसर थांबले, म्हणाले, आपण सावकाश या. तिथेही ‘झी’च. तीस मीटर कमी पडत होते. सुधा म्हणाली, अहो, येताय ना? मी म्हटलं, मागे राहिलेल्यांना कोण बघणार. मागे कुणी नव्हतं.
सत्तरीची एक म्हातारी आली, ग्र्यूस गॉट म्हणाली, हातावर साखरेचा खडा ठेवून वर गेली. घेतला. म्हातारीचं मन कशाला मोडा. एकदा उठून दहाएक पावलं गेलोही, पण बाक कुणी अडवील म्हणून परतलो.
चारला मंडळी उतरली. हसत. प्रोफेसर सुधाला चक्क ‘डू, झुडा’ म्हणत होते, आणि तीही डू म्हणत होती. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, हेर टिपणीस, आपल्या पत्नीने सगळं सांगितलं. मी पाहतो.
काम झालं. न मागता. नेता तो, जो बसून करवून घेतो.

१४ ऑक्टोबर, बुधवार
इन्स्टिट्यूटचं पत्र. ‘झी’ सहा वेळा.
प्रोफेसर लिहितात: आपण केवळ भिडेखातर थांबला आहात हे कळून वाईट वाटलं. प्रबंध संपल्याचं ऐकून आनंद झाला, तो ३० नोव्हेंबरपर्यंत द्यावा. आणखी एक वर्षासाठी आपली शिफारस मी करणारच होतो, ती आता श्यामकांत यांची केली आहे. जेनोआहून २ जानेवारीच्या बोटीत दोन जागा मी स्वतः सांगून ठेवल्या आहेत.
सुधाला विचारलं, काय सांगितलंस? तिला नवल वाटलं. म्हणाली, तुम्ही रोज जेवताना सांगता तेच. त्यांनी विचारलं, डू म्हणून विचारलं. अहो, तू म्हणणाऱ्याशी खोटं कसं बोलायचं? माझं जर्मन जेमतेम, पण एवढं बरोबर जमलं.

१८ ऑक्टोबर, रविवार
प्रबंध: शून्य पानं.
सुधा सातला निघाली, लिंडनरबाईंबरोबर. काठी नेली. नेण्याआधी घरमालकिणीच्या पकडीने सातही बिल्ले उपटून माझ्या टेबलावर ठेवले आणि गाम्सकोप्फचा एक ठोकला. रविवारी. घरमालकिणीने उलट डबा भरून दिला.
टेबलाच्या हलत्या पायाखाली दोन बिल्ले बरोबर बसतात.
जाताना सुधाने विचारलं, अजिंक्यतारा किती उंच? मी म्हटलं, तेहेतीसशे फूट. तिने दारातच बोटांवर हिशेब केला. म्हणाली, म्हणजे हजार मीटरच्या जरासा वरच की. घरी गेल्यावर पहिल्या रविवारी चढू. वर पोचल्यावर तुम्हाला काय म्हणायचं ते मी तेव्हा बघते.
मी म्हटलं, माझा बूट चावतो.