कर्नलसाठी चार पानं

३ जानेवारी २००५, जाफराबाद
निर्धार! कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. पण जुन्या मशीनमध्ये कोणती चिप कुठं बसलीय, हे कुणी लिहून दिल्याशिवाय त्याला कळत न्हाई. ते मी लिहिणार. जग वापरणार. आठवड्यात काम खतम.

५ जानेवारी
चिपवरचे नंबर वाचायला क्लासमधला एक कॉम्प्युटर उघडला. क्लासमध्ये बायको इंद्रायणी शिकवते. मी संचालक. म्हणाली, "पोरींची परीक्षा तोंडावर, अन् तुम्ही मशीन खोलून राह्यले?" संध्याकाळपर्यंत जोडतो म्हणालो. कोणत्या दिवशीच्या, ते बोललो न्हाई.

९ जानेवारी. लाईट गेलेली
तुलनेसाठी उरलेले दोन्ही उघडले. शास्त्रीय पद्धत. सगळे स्क्रू एकाच वाटीत. सासरे तातेराव आल्ते. टेबल बघून विचारलं, "जावईबापू, दुकान भंगाराचं टाकलं का?" चिडचिड होतेय. नंबर पुसट आहेत म्हणून. सासऱ्यांमुळे बिलकुल न्हाई.

१४ जानेवारी. संक्रांत
वर्णन पूर्ण! इंग्रजीत चार पानं. जालन्याला जाऊन सायबर कॅफेतून कर्नलवाल्यांना मेल केलं. परत येऊन मशीन जोडले. एकही सुरू होईना. वर वाटीत स्क्रू उरले. कंपनीनंच जास्तीचे लावले असणार.

१७ जानेवारी
इंद्रायणी पोरींना जीपमध्ये घालून भोकरदनच्या क्लासला घेऊन गेली. म्हणाली, "तुमचं होऊ द्या सावकाश. परीक्षा थांबायची न्हाई." भांडली असती तर बरं वाटलं असतं. असो. शांतता मिळाली. कामाला उत्तम. झोपलो.

२४ जानेवारी
जालन्यात उत्तर वाचलं. कुणी जर्मन माणूस, फार नम्र. लिहितो, तुम्ही वर्णन केलेलं मशीन असूच शकत नाही. हा प्रोसेसर या बोर्डावर बसत नाही. चालवून पाहिलं का? घरी माझीच चार पानं तपासली. बोर्ड एका मशीनचा, प्रोसेसर दुसऱ्याचा, नेटवर्क कार्ड तिसऱ्याचं. त्यांची कल्पनाशक्तीच कमी.

१२ फेब्रुवारी
पोरी पास. सगळ्या. भोकरदनवाल्यांनी इंद्रायणीला कायम ठेवून घेतलं. तिनं माझ्यासाठीही शब्द टाकला म्हणे. हार्डवेअर विभाग का, विचारलं. म्हणाली, "न्हाई. मशीनला हात लावायचा न्हाई, हीच त्यांची अट. पोरांची हजेरी घ्यायची."
तात्पुरतं हो म्हणालो. सोमवारी सकाळची जीप. ती पुढं बसणार, मॅडम म्हणून. मी मागं.