न्हाणीचं दार

उदगीर

शरणम्मा अक्का, तुम्हाला शरणु शरणार्थी.

दिवाळीत तुम्ही म्हणालात, "असल्या पोरीला पाळी कशी झेपल? त्यापरीस पिशवीच काढून टाका." माझी सृष्टी स्वमग्न हाय अक्का, बहिरी न्हाई. ती तिथंच बसली होती.

तेव्हापासून दर सोमवारी लिंगपूजा झाली की मी तिला पॅड लावायला शिकवलं. टोचतं म्हणून लई रडायची, फेकून द्यायची.

आज गुरुवार. तिनं कपाटातून पॅड काढलं. मी म्हणाले, "आज सोमवार न्हाई, बाळा." तिनं फ्रॉकवरचा डाग दाखवला. मी मागोमाग न्हाणीत गेले, तर मला बाहेर सारून तिनं कडी लावली. आजवर तिनं दार कधी लावून घेतलं नव्हतं.

हेच कळवायला बसले होते, पण पत्र टाकणार न्हाई. तिनं मलासुद्धा लावलेलं दार तुमच्यासाठी मी कसं उघडू?

तुमची भावजय,
महानंदा